अकरा वाजताचा निळा ठिपका

सोमवार, ३ जून. मोबाइलच्या दुकानाची पावती, रुपये अकरा हजार चारशे नव्वद फक्त. त्यात स्क्रीनवर चिकटवायची काच आणि मागचं रबरी कव्हर धरलेलं.

पावतीची घडी पाकिटात ठेवता ठेवता बाईंनी दुकानदाराला विचारलं, "याचा दिवा कुठे असतो?"

"टॉर्च म्हणता का? हा बघा, मागे."

"टॉर्च नाही हो. कुणाचा फोन येऊन गेला की वरच्या कोपऱ्यात एक बारीक दिवा लुकलुकतो ना, तो."

दुकानदारानं शेजारी खोकी रचत असलेल्या भावाकडे पाहिलं आणि दोघंही हसले. "बाई, कुठल्या जमान्यात आहात? तो दिवा गेला. आता स्क्रीनच एवढी मोठी आलीय, दिव्याला जागा कुठे उरली?"

"पण स्क्रीन लागते आणि विझते. नेमकी तेव्हा मी बघत नसले तर?"

"मग फोन उचलून बघायचा! आजकाल पाच मिनिटं तरी फोन खाली ठेवतं का कोणी?"

बाई ठेवत होत्या. रोजचे सहा तास ठेवत होत्या आणि तेही तोंड बंद करून. पण हे दुकानदाराला सांगत बसायला वेळ नव्हता. जुन्या फोनची बॅटरी फुगून पाठीचं झाकण वर आलं होतं, आणि 'या मॉडेलची बॅटरी आता बनतच नाही' असं याच दुकानदारानं छातीठोकपणे सांगितलं होतं. बाईंनी जुना फोन रुमालात गुंडाळून पर्सच्या तळाशी ठेवला, टाकवला नाही.

रुग्णालयात त्यांना सगळे 'कानवाल्या बाई' म्हणत. नाक-कान-घशाच्या विभागात, जिन्याच्या मागच्या खोलीत, लोकांचं ऐकू येणं मोजायचं हे त्यांचं काम. बावीस वर्षांपूर्वी त्या या इमारतीत लागल्या त्या केसपेपरच्या खिडकीवर. आई एका कानानं ठार बहिरी होती, त्यामुळे समोरच्याच्या तोंडासमोर तोंड आणून, शब्द सुटे सुटे करून, न ओरडता बोलायची सवय त्यांना लहानपणापासूनची. खिडकीवरची ही सवय मोठ्या डॉक्टरांच्या नजरेस आली. "तुम्ही माझ्या विभागात या," ते म्हणाले. "मशीन शिकवता येतं. हे शिकवता येत नाही." बाईंनी वर्षभराचा अभ्यासक्रम नोकरी सांभाळून केला. ते वाक्य आजही आठवलं की त्यांचा दिवस बरा जायचा.

खोलीत एक लाकडी बूथ होता, साधारण मोठ्या कपाटाएवढा. जाड भिंती, आत स्पंज, एक खुर्ची, हात टेकायला फळी, समोर दुहेरी काचेची खिडकी. पेशंट आत बसे, कानावर हेडफोन, हातात एक बटण. बाहेर बाई मशीनवर बसत. त्या एकेक सूर वाजवत, मोठ्याकडून बारीककडे. सूर ऐकू आला की पेशंटनं बटण दाबायचं, म्हणजे बाईंच्या मशीनवर दिवा लागे. बसण्याआधी त्या प्रत्येकाला एकच वाक्य सांगत: "अगदी मुंगीच्या पावलाएवढा आवाज आला, किंवा आल्यासारखा वाटला, तरी दाबा. चुकलं तर मी आहे."

अशा खोलीत फोन वाजून चालत नाही. आणि तरीही बाईंना फोन समोर लागायचा, तो वडिलांसाठी.

वडील गावाच्या दुसऱ्या टोकाला एकटे राहत. वय एक्क्याऐंशी. "माझी भांडी मला सापडतात, तुझ्याकडे आलो की चमचासुद्धा विचारून घ्यावा लागतो," हे त्यांचं लेकीकडे न येण्याचं कारण. सकाळची औषधं घेऊन झाली की अकराच्या सुमारास ते मिस्ड कॉल देत. दोन रिंगा, बंद. उचलायचा नाही. एकदा चुकून बाईंनी उचलला तर ओरडले होते, "उचलतेस काय! बोलायचं असतं तर मिस्ड कॉल कशाला दिला असता?"

जुन्या फोनला कोपऱ्यात तांदळाच्या कणीएवढा दिवा होता. कुणाचा फोन आला तर कुठला रंग लुकलुकेल, हे ठरवता यायचं. बाईंनी निळा रंग वडिलांसाठी राखला होता, बाकी सगळ्या जगाला हिरवा. फोन मशीनशेजारी उपडा न ठेवता सुलटा ठेवायचा, आवाज बंद, थरथर बंद, स्क्रीन बंद. सूर वाजवता वाजवता नजर तिकडे गेली आणि निळा ठिपका दिसला, की समजायचं: बाबा उठले, खाल्लं, गोळ्या घेतल्या. दिवा लुकलुकत राहायचा, बघेपर्यंत वाट पाहायचा. दोन वर्षांपूर्वी एका दिवशी साडेअकरा झाले तरी ठिपका लागला नाही. बाईंनी शेजारणीला फोन केला, तिनं किल्ली लावून दार उघडलं, तर बाबा न्हाणीघरात पडलेले. खुबा मोडला होता, पण माणूस वाचला. तेव्हापासून त्या कणीएवढ्या दिव्याकडे पाहून बाई रोज मनातल्या मनात 'थँक्यू' म्हणत. कुणाला सांगायच्या नाहीत. हसले असते.

आणि आता दिवा नव्हता.

पहिल्या दिवशी त्यांनी नवा फोन समोर ठेवला. बाबांची रिंग आली, स्क्रीन झगमगली, विझली. बाई तेव्हा एका आजोबांच्या कानात डोकावत होत्या. दर दोन मिनिटांनी बोट लावून पाहायचं म्हणजे सूर चुकायचे. दुसऱ्या दिवशी दुकानदाराच्या भावानं फोनवरून एक युक्ती सांगितली: कॉल आला की मागचा टॉर्च उघडझाप करेल अशी सोय आहे. बाईंनी ती चालू केली. बूथमध्ये एक निवृत्त मुख्याध्यापक बसले होते. बरोबर अकराला अशी वीज चमकली की खिडकीची काच पांढरी झाली. मुख्याध्यापकांनी बटण दाबलं, हेडफोन काढला, केस सारखे केले आणि दार किलकिलं करून विचारलं, "फोटो कशासाठी लागतो?"

शेवटी बाईंनी थरथर चालू केली. फोन टेबलाच्या खणात, खाली रुमालाची घडी, आणि गुडघा खणाला टेकवून बसायचं. पंख्याच्या घरघरीत काही ऐकू येत नव्हतं, पण गुडघ्याला कळायचं. बूथच्या भिंती तर वीतभर जाड. आत कसलं पोचतंय? हे जमलं असं त्यांना वाटलं.

बुधवार, १२ जून. अकरा वाजून पाच मिनिटांनी बूथमध्ये पत्रेवाले काका बसले. पत्र्याचे डबे, चाळण्या, नरसाळी करण्यात त्यांची चव्वेचाळीस वर्षं गेली होती. हातोडीच्या ठोक्यांनी कान गेले होते. बरोबर सून आली होती, तिचा घसा बसलेला.

"ओरडून ओरडून बसलाय हो," ती म्हणाली. "आमचं काय, आम्ही खुणा करतो, पाटीवर लिहितो. सासूबाईंचं अवघड झालंय. त्यांना दिसत नाही, दोन्ही डोळे गेलेत. यांना ऐकू येत नाही. त्या बोलल्या तर यांना ऐकू जात नाही, आणि पाटीवर लिहायला त्यांना दिसत नाही. दोघं एका खाटेवर बसून असतात, नुसतीच. कानाचं मशीन मिळालं तर..."

रुग्णालयाला एका देणगीतून चौदा श्रवणयंत्रं आली होती. दोन्हींतल्या बऱ्या कानाची सरासरी साठ डेसिबलच्या वर गेलेल्यांनाच ती फुकट मिळायची; आकडा जेवढा मोठा, तेवढं ऐकू कमी. यादी शनिवारी दुपारी बंद.

चाचणी सुरू झाली. त्या सकाळी नणंदेला नातू झाला होता आणि घरच्या ग्रुपवर फोटो, अंगठे, फुलं यांचा पाऊस लागला होता. बाईंच्या गुडघ्याला सारखं झिणझिणत होतं. वैतागून त्यांनी गुडघा बाजूला घेतला आणि काम चालू ठेवलं. काका सांगितल्याप्रमाणे इमानदारीत बटण दाबत होते. खालच्या सुराला कान बरा निघाला, पस्तीस. मधला साठ, वरचा सत्तर. बेरीज एकशे पासष्ट, सरासरी पंचावन्न.

बाईंनी पाटीवर लिहिलं: 'पाचनं कमी पडलं, काका. यादीत बसत नाही.'

काकांनी वाचलं आणि मोठ्यानं म्हणाले, कारण हळू बोलणं त्यांना आता जमत नव्हतं, "म्हणजे कान चांगला आहे! मग आनंदच आहे की! तुम्ही कशाला तोंड पाडता?" हात जोडून ते वळले. सुनेनं मागून तीनदा हाक मारली, "मामंजी, पिशवी!" ते तसेच चालत जिन्यापर्यंत गेले.

ती तिसरी हाक बाईंच्या डोक्यात राहिली. पंचावन्नचा माणूस एवढ्या जवळची, एवढी जाड हाक थोडी तरी ऐकतो.

जेवणाचा डबा तसाच ठेवून त्यांनी काकांच्या चाचणीचा आलेख पुन्हा काढला. पत्र्याचं काम करणाऱ्यांचे खालचे सूर शाबूत राहतात, म्हणून पस्तीस पाहून त्यांना संशय आला नव्हता. पण पस्तीसवरून एकदम साठ? मध्ये पायरीच नाही? बाईंची शिस्त अशी की प्रत्येक सुराची चाचणी किती वाजता सुरू झाली ते त्या कडेला बारीक अक्षरात लिहीत. खालचा सूर: अकरा दहा ते अकरा सोळा. त्यांनी फोन काढला, ग्रुप उघडला. अकरा दहा ते अकरा सोळा: नातवाचे फोटो आणि अभिनंदनं मिळून एकवीस. मधल्या आणि वरच्या सुरांच्या वेळी एकही नाही.

आतल्या माणसानं सूर ऐकून बटण दाबलं नव्हतं. नणंदेच्या नातवासाठी दाबलं होतं. कसं पोचलं ते कळत नव्हतं, पण पोचलं होतं. आणि गुडघ्याला कळत असताना आपण थांबलो नाही, हे तर अगदीच स्वच्छ कळत होतं.

बावीस वर्षांत त्यांच्या नावावर एक तक्रार नव्हती. आलेख फायलीत गेला होता. काका खुशीत घरी गेले होते. कुणी विचारणार नव्हतं.

बाई उठल्या. सही करायच्या फायलींचा ढीग पुढ्यात घेऊन बसलेल्या मोठ्या डॉक्टरांसमोर त्या उभ्या राहिल्या आणि सगळं सांगितलं, गुडघा बाजूला घेतल्यासकट.

डॉक्टरांनी चष्मा काढला. "चाचणीच्या खोलीत फोन? तुम्ही? दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर मी त्यालाच बाहेर काढलं असतं."

"चूक माझी आहे. तीन तारखेपासूनच्या सगळ्या वेळा मी ताडून पाहिल्या. आणखी दोघांच्या वेळी फोन आला होता, पण आकडे हललेले नाहीत. तरी त्यांनाही परत बोलावते. काकांना शुक्रवारी बोलावू का? यादी शनिवारी बंद होतेय."

"बोलावू का काय विचारता, बोलवा! आणि लेखी द्या." मग त्यांनी विचारलं, "फोन लागतोच कशाला पण तुम्हाला?"

बाईंनी बाबांचं सांगितलं. निळ्या ठिपक्याचंही सांगितलं, पहिल्यांदाच कुणाला तरी.

डॉक्टर हसले नाहीत. "माझ्या एका फोनला होता तो दिवा," ते म्हणाले. "ऑपरेशनला जाताना तो टेबलावर ठेवायचो. बाहेर आलो की लांबूनच कळायचं, घरून काही आहे की नाही. नसला तर पाच मिनिटं शांत बसून चहा घ्यायचो. आता फोन हातात घेऊन उघडल्याशिवाय कळत नाही, आणि उघडला की चहा गार." त्यांनी चष्मा पुन्हा चढवला. "थरथर बंद. टॉर्च बंद. तो कणीएवढा दिवा आणलात तर माझी हरकत नाही. आणि हे येऊन सांगितलंत, बरं केलंत. आता जा, मला सह्या करू दे."

खोलीत परतल्यावर बाईंनी आधी फोनची थरथर बंद केली.

शुक्रवारी काका सुनेसोबत हजर. अकराच्या मिस्ड कॉलवर नजर ठेवायला बाईंनी फोन मोठ्या डॉक्टरांच्या शिपायाकडे दिला होता. पाटीवर लिहिलं: 'परवा माझी चूक झाली. माझा फोन थरथरत होता, ते तुम्हाला आत जाणवलं का?'

काकांनी पाटी वाचली आणि गडगडून हसले. "तो फोन होता होय! मी म्हटलं सरकारी आवाज असेल! अहो, कानात कुठे आला तो? हाताला आला! तुम्हीच म्हणालात, आल्यासारखा वाटला तरी दाबा! पत्रा कुठे पातळ, कुठे जाड, हे मी हातानंच ऐकतो. माझे कान इथे आहेत," आणि दोन्ही पंजे पुढे केले, काळे, चिरा पडलेले.

"पण भिंत एवढी जाड आहे," बाई त्यांच्या तोंडासमोर येऊन म्हणाल्या.

"भिंतीचं राहू द्या, फळी दाखवा." काका बूथमध्ये शिरले, हात टेकायच्या फळीखाली बोटं फिरवली. बाहेर आले, गुडघ्यावर बसून टेबलाखाली हात घातला. "सापडला चोर! हा बघा. तुमचं टेबल आणि आतली फळी एकाच बोल्टवर कसलीय. कुण्या सुतारानं एक बोल्ट वाचवला!"

सून कपाळावर हात मारून म्हणाली, "मामंजी, तपासायला आलात का तपासून घ्यायला?" ते त्यांना अर्थातच ऐकू आलं नाही.

चाचणी पुन्हा झाली. हात फळीवर नाही, मांडीवर. खालचा सूर पंचावन्न, मधला साठ, वरचा सत्तर. सरासरी जवळजवळ बासष्ट. बाईंनी आकडा दोनदा तपासला, मग पाटीवर लिहिला. काका त्या आकड्याकडे पाहत राहिले. "म्हणजे कान वाईटच," ते म्हणाले, आणि त्यांच्या त्या मोठ्या आवाजात जेवढं हळू जमेल तेवढं हळू, "देवा, बरं झालं."

यादीत त्यांचं नाव अकरावं लागलं.

यंत्र बसवायला ते पुढच्या गुरुवारी आले, सोबत बायकोला घेऊन. म्हातारी सुनेचा दंड धरून चाचपडत खुर्चीत बसली. बाईंनी यंत्र काकांच्या कानामागे चढवलं, आवाज बेतानं वाढवला आणि म्हातारीच्या खांद्याला हात लावून म्हणाल्या, "आजी, आता बोला. नेहमीच्या आवाजात."

"काय बोलू?" म्हातारी पुटपुटली.

"बोललीस की!" काका दचकून म्हणाले.

म्हातारीनं हात पुढे केला, त्यांची बाही सापडली. "मग आधी हे सांगा," ती म्हणाली, "माझी कातडी चप्पल कुठे ठेवलीत? चार महिने विचारतेय."

काकांचा चेहरा असा काही झाला की बाईंना आलेखाच्या कागदात तोंड घालावं लागलं. सून हसता हसता रडत होती. "चार महिने!" काका पुन्हा पुन्हा म्हणत होते. "चार महिने विचारतेय आणि मी आपला मान हलवतोय!"

निघण्याआधी त्यांनी खिशातून पाना आणि दोन रबरी वॉशर काढले. मोठ्या डॉक्टरांची परवानगी बाईंनी आधीच घेऊन ठेवली होती. दहा मिनिटांत काकांनी बोल्ट सैल केला, टेबल आणि फळी यांच्यामध्ये वॉशर सरकवले, पुन्हा कसलं. टेबलावर बुक्की मारून आत हात ठेवून पाहिलं. "मेला. आता काही येत नाही."

जुन्या फोनचं म्हणाल, तर रुग्णालयाच्या फाटकाबाहेर छत्रीखाली दुरुस्तीचं टेबल मांडून बसणाऱ्यानं रुमालातला तो फुगलेला फोन पाहिला आणि म्हणाला, "बनत नाही कोण म्हणतं? चार दिवस द्या." चार दिवसांनी बॅटरी बसली, साडेसहाशे रुपयांत. अकरा हजार चारशे नव्वदचा हिशोब बाईंनी मनात काढला नाही. काढून उपयोग नव्हता. नव्या फोनवर त्यांनी ग्रुप ठेवला आणि तो घरी ठेवला. जुन्यावर फक्त बाबा.

सोमवारी, २४ जूनला, एका पेशंटचा डावा कान तपासताना अकरा वाजून चार मिनिटांनी कोपऱ्यात निळा ठिपका लागला. विझला, पुन्हा लागला. बाईंनी हातातला सूर पूर्ण केला, आकडा लिहिला, वेळ लिहिली. ठिपका तोवर लुकलुकत होता. त्यांनी तो थोडा वेळ तसाच राहू दिला.

संध्याकाळी वडिलांना फोन केला. "बाबा, आज मिळाला हं तुमचा कॉल."

"मिळायला काय झालं? रोज देतो."

"म्हणूनच सांगितलं. रोज देता म्हणून."

"बरं," बाबा म्हणाले. मग, "बरी आहेस ना तू?"

"बरी आहे."

"मग ठेव. बिल वाढतं."

वॉशर अठरा रुपयांचे होते. काकांकडे सुट्टे नव्हते आणि बाईंच्या पर्समध्ये पन्नासाचीच नोट होती. ते अठरा रुपये अजून द्यायचे आहेत.